ओपनिंग टाकताय? जस्ट अ मिनिट!

टीममधली रिकामी जागा भरायची म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये एक नवा जॉब तयार करायचा. पंधरा मिनिटांचं काम! पण त्या पंधरा मिनिटांत तुम्ही कुठे टिक करता, यावर ठरतं की कुणाचा रेझ्युमे तुमच्या स्क्रीनवर येणार आणि कुणाचा दारातूनच परत जाणार.

प्रमोशन झालं, पार्टी झाली, व्हॉट्सअॅपवरचे अभिनंदनाचे मेसेजही खाली सरकले. टीम लीड म्हणून पहिले दोन महिने मस्त चाललेत. आणि मग एक दिवस टीममधला सगळ्यात कामाचा माणूस डेस्कपाशी येऊन हळूच म्हणतो, 'दोन मिनिटं आहेत?'

संपलं! त्याच्या खिशात दुसरी ऑफर आहे. तुम्ही समजावता, तुमचा मॅनेजर समजावतो, कँटीनमध्ये दोनदा कटिंग होतो, पण गडी काही थांबत नाही. संध्याकाळी एचआरचा एका ओळीचा मेल येतो : प्लीज रेझ अ रिक्विझिशन.

आजवर या खेळात तुम्ही पलीकडच्या बाजूला होतात. रेझ्युमे अपलोड करायचा, मग त्यातलीच सगळी माहिती पुन्हा एकेका चौकटीत भरायची, आठवडेच्या आठवडे 'अंडर रिव्ह्यू' वाचत बसायचं आणि एचआरवाल्यांच्या नावाने बोटं मोडायची. आता लॉगिन तुमचं आहे, चौकटी तुमच्या आहेत. वर्कडे असो, सक्सेसफॅक्टर्स असो, ग्रीनहाउस, झोहो रिक्रूट नाहीतर डार्विनबॉक्स... स्क्रीनचे रंग वेगळे, बटणांची नावं वेगळी, आतला फंडा मात्र साधारण एकच. भरतीच्या या सॉफ्टवेअरला एटीएस म्हणतात, म्हणजे अॅप्लिकंट ट्रॅकिंग सिस्टिम.

आधी परवानगी, मग जाहिरात

सुरुवातीलाच एक गोंधळ मिटवू या. रिक्विझिशन म्हणजे कंपनीकडे मागितलेली परवानगी : एक माणूस हवाय, या बँडचा, या शहरात, एवढ्या बजेटमध्ये. पोस्टिंग म्हणजे बाहेरच्या जगाला दिसणारी जाहिरात. बऱ्याच सिस्टिम्समध्ये दोन्हींसाठी वर्णनाच्या चौकटी वेगळ्या असतात. आतल्या चौकटीत 'आधीचा माणूस सहा महिन्यांत पळाला, आता टिकाऊ हवा' असं लिहिलंत तर एकवेळ चालेल. तेच चुकून बाहेरच्या चौकटीत गेलं, तर कंपनीच्या करिअर पेजवर सगळ्यांची करमणूक!

परवानगीचा भाग तसा कंटाळवाणाच. जागा नवी आहे की रिप्लेसमेंट, हा प्रश्न नीट वाचा. रिप्लेसमेंटचं बजेट आधीच मंजूर असतं, त्यामुळे ती लवकर सुटते. 'नवी जागा' म्हटलं की फाइल फायनान्सकडे जाऊन झोपते. किती जणं हवीत तो आकडाही इथेच टाका. दोन हवेत आणि एकच लिहिलंत, तर पहिला जॉइन होताच बऱ्याच सिस्टिम्स जॉब बंद झाला असं समजतात, आणि मग पुन्हा पहिल्यापासून मंजुऱ्या गोळा करत फिरायचं. डोक्याला ताप.

आता खरी गंमत. फॉर्मच्या वरच्या बाजूला एक गोंडस पर्याय असतो : जुना जॉब कॉपी करा. एका क्लिकमध्ये सगळं भरून येतं. वर्णन, प्रश्न, इंटरव्ह्यूचे राउंड, सगळं. शुक्रवारी संध्याकाळी साडेसहाला हिंजवडीहून निघायची घाई असलेला कुठला लीड हा मोह टाळेल?

पण कॉपी होतं म्हणजे काय होतं? तीन वर्षांपूर्वी कुणीतरी, कुठल्यातरी क्लायंटच्या हट्टापायी घातलेली अटही कॉपी होते. क्लायंट गेला, तो लीडही गेला, अट राहिली. कंपनी अमेरिकन असेल आणि तिथला जॉब उचलून पुण्यासाठी वापरला, तर 'तुम्हाला अमेरिकेत काम करण्याचा कायदेशीर अधिकार आहे का?' हा प्रश्न तसाच राहू शकतो. 'नाही' म्हणणारा आपोआप बाद, अशी सेटिंग त्याला असेल, तर अख्ख्या पुण्यातून एकही अर्ज पुढे सरकणार नाही. आणि तुम्ही स्टँडअप मीटिंगमध्ये सांगत बसणार, 'मार्केटमध्ये चांगली मुलंच नाहीत.'

रॉकस्टार नको, टेस्टर हवा

समजा तुम्हाला क्यूए इंजिनीअर हवाय. मॅन्युअल टेस्टिंग पक्कं, थोडं सेलेनियम, बग रिपोर्ट नीट लिहिता यावा, डेव्हलपरशी भांडता यावं आणि भांडून झाल्यावर त्याच्याबरोबर जेवताही यावं. कंपनीच्या आतलं पदनाव असतं 'असोसिएट कन्सल्टंट, लेव्हल २'. कृपा करून ते पोस्टिंगचं टायटल म्हणून टाकू नका. नोकरी शोधणारा 'क्यूए' किंवा 'टेस्टिंग' असंच सर्च करतो. तुमचं लेव्हल २ त्याला स्वप्नातसुद्धा सुचणार नाही.

वर्णनात 'रॉकस्टार', 'निंजा' वगैरे शब्द घातले की जाहिरात कूल होते, हा समज कधीच जुना झालाय. २०११ मध्ये गॉशे, फ्रीझन आणि के या तीन संशोधकांनी दाखवून दिलं होतं की वर्चस्व, स्पर्धा अशा पुरुषी वळणाच्या शब्दांनी भरलेली जाहिरात वाचून बायकांना ती नोकरी कमी आकर्षक वाटते. आपल्याला ते काम जमणार नाही असं त्यांना वाटत नव्हतं. आपण तिथे उपरे ठरू, असं वाटत होतं. 'मेल कँडिडेट्स प्रिफर्ड' हा तर निव्वळ आगाऊपणा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेत समान कामाच्या भरतीत लिंगावरून भेद करायला मनाई आहे. आणि हे काही नवीन नाही, १९७६ च्या समान वेतन कायद्यातही ती होती.

'आवश्यक' आणि 'असल्यास उत्तम' या दोन याद्या वेगळ्या ठेवायच्या, हे सगळ्यांना माहीत असतं. तरी दर वेळी पहिल्या यादीत सोळा गोष्टी होतात आणि दुसऱ्या यादीत दोन उरतात. हार्वर्ड बिझनेस स्कूलचे प्राध्यापक जोसेफ फुलर यांनी याचा एक भन्नाट नमुना सांगितला होता. काही हॉस्पिटल्स नर्सच्या रेझ्युमेमध्ये 'कॉम्प्युटर प्रोग्रामिंग' शोधत होती! हवं काय होतं? पेशंटची माहिती कॉम्प्युटरवर भरता यावी, इतकंच. त्या एका शब्दापायी किती चांगल्या नर्स बाहेर राहिल्या असतील, कुणास ठाऊक.

बारावीचे टक्के किती?

आता येऊ या सगळ्यात धोकादायक पानाकडे : स्क्रीनिंगचे प्रश्न. अर्जदाराला चार-सहा प्रश्न विचारायचे आणि हवं ते उत्तर आलं नाही तर अर्ज आपोआप बाद करायचा, अशी सोय इथे असते. एचआरच्या भाषेत 'नॉकआउट क्वेश्चन'. एका जागेला शेकडो अर्ज येतात, तेव्हा ही सोय वरदान वाटते. ती वरदान आहेच. फक्त ती कुणाला नॉकआउट करते, ते एकदा बघा.

एक मुलगी डोळ्यांसमोर आणा. दहावीनंतर कराडला डिप्लोमा केला. मग पुण्यात इंजिनीअरिंगला डायरेक्ट सेकंड इयर. नंतर टेस्टिंगमध्ये नोकरी, मन लावून केलेली. मध्ये आई आजारी पडली म्हणून आठ महिने घरी. आता कोल्हापूरला एका छोट्या कंपनीत आहे, पुन्हा पुण्याला यायचंय. एकूण अनुभव ३ वर्षं १० महिने. तुम्हाला हवी तशी, अगदी तंतोतंत. आता तुमचा फॉर्म तिच्या हातात द्या.

पहिली चौकट : बारावीचे टक्के. लाल चांदणी, म्हणजे भरायलाच हवी. अहो, तिने बारावी केलीच नाही! डिप्लोमा करून डिग्रीला येणारी महाराष्ट्रात ढिगाने मुलं आहेत, तुमच्या टीममध्येही असतील. पण फॉर्म बनवणाऱ्याला त्यांची आठवण झाली नाही. ती शून्य टाकेल, नाहीतर डिप्लोमाचे टक्के टाकेल आणि 'खोटी माहिती दिली' म्हणून पुढे कधीतरी अडकण्याची धास्ती घेईल. शून्य टाकलं तर पुढचा नियम तयारच : दहावी, बारावी, डिग्री, तिन्हीकडे सलग ६० टक्के. बाद.

हा सलग साठचा नियम कँपस प्लेसमेंटमधून आलाय. एका दिवसात कॉलेजची हजार पोरं चाळायची असतात, तेव्हा गर्दी आवरायला काहीतरी लागतं, इतपत समजू शकतो. पण चार वर्षं काम केलेल्या माणसाला दहावीचे टक्के विचारून काय मिळतं? त्यात हे टक्के एका मापाचेही नाहीत. राज्यात दहावीला 'बेस्ट ऑफ फाइव्ह' आलं २०१० मध्ये. २०२१ मध्ये तर कोविडमुळे बोर्डाची परीक्षाच झाली नाही. अंतर्गत मूल्यमापनावर दहावीचा निकाल ९९.९५ टक्के लागला. सॉफ्टवेअरला यातलं काही माहीत नसतं. त्याला ५९.८ आणि ६० यातला फरक तेवढा कळतो.

दुसरी चौकट : किमान अनुभव ४ वर्षं. तिचा ३ वर्षं १० महिने. बाद. टेस्टिंगवाल्यांनो, तुम्ही तर बाउंड्री व्हॅल्यू तपासून पोट भरता! सगळ्यात जास्त बग सीमारेषेवरच सापडतात, हे डेव्हलपरला ऐकवून ऐकवून तुमचा घसा बसलाय. मग स्वतःच्या फॉर्मला हा न्याय का नाही? खरंच चार वर्षांचा माणूस हवा असेल तर फिल्टर तीनवर लावा. वरचे दोन महिने इंटरव्ह्यूमध्ये कळतील.

तिसरी चौकट : करिअरमध्ये सहा महिन्यांपेक्षा मोठी गॅप? तिने प्रामाणिकपणे 'हो' लिहिलं. बाद. हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. हार्वर्ड बिझनेस स्कूल आणि अॅक्सेंचर यांनी २०२१ मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि जर्मनीतल्या सव्वादोन हजारांवर अधिकाऱ्यांना विचारून एक अहवाल काढला होता. जवळपास निम्म्या कंपन्या अशी सहा महिन्यांची गॅप दिसली की अर्ज वगळत होत्या. आणि ८८ टक्के कंपन्यांनी कबूल केलं की जाहिरातीतल्या अटींशी तंतोतंत जुळत नाहीत म्हणून त्यांच्या सिस्टिममधून चांगले, कामाला लायक उमेदवार गळतात. म्हणजे त्यांना माहीत होतं! आपल्याकडे ही गॅप बहुतेकदा कुणाची असते, ते वेगळं सांगायला नको. बाळंतपण, आजारपण, सासरची बदली... हिशेब घरोघरी ठाऊक आहे.

चौथी चौकट : सध्याचं ठिकाण पुणे? तिचं कोल्हापूर. बाद. प्रश्न असा हवा होता : 'आठवड्यातून तीन दिवस हिंजवडीला येऊ शकाल का?' ती 'हो' म्हणाली असती. चारही ठिकाणी बाद झालेली ही मुलगी तुम्हाला कधी दिसणारच नाही. ती 'रिजेक्टेड' टॅबमध्ये असेल, आणि तो टॅब कुणी उघडत नाही.

मग नॉकआउटला ठेवायचं काय? ज्याच्याशिवाय काम होऊच शकत नाही, तेवढंच. नाइट शिफ्ट असेल तर नाइट शिफ्ट. ऑफिसला यावंच लागत असेल तर ते. बाकी प्रश्न खुशाल विचारा, पण उत्तराला 'बाद' लावू नका. बहुतेक सिस्टिम्समध्ये नुसती खूण करून ठेवायची सोय असते. रिक्रूटर एक नजर टाकेल, दहा सेकंद जास्त जातील. जाऊ द्यात.

आणि वडिलांचं नाव, लग्न झालंय का, आधार, पॅन? अर्जाच्या वेळी कशाला हवंय? डिजिटल डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि अंमल टप्प्याटप्प्याने आहे. कामापुरतीच माहिती मागा, हा त्याचा गाभा. ऑफर दिल्यावर मागा की सगळी कागदपत्रं!

रोबोची बदनामी

'७५ टक्के रेझ्युमे रोबोच फेकून देतो' हे वाक्य तुम्हीही कुणाला तरी फॉरवर्ड केलं असेल. त्या आकड्यामागे कुठलाही धड अभ्यास नाही. रेझ्युमे दुरुस्त करून देणाऱ्या दुकानांना मात्र तो भारी सोयीचा आहे. सॉफ्टवेअर बऱ्याचदा मुकाट्याने माणसाचं ऐकत असतं. आधी कुणीतरी चारच्या पुढची वर्षं मागितली, साठच्या पुढचे टक्के मागितले, तेव्हाच ते कुणाला बाजूला काढतं.

हां, आता एआय आलंय, तेव्हा गोष्ट थोडी बदलतेय. अॅमेझॉनने रेझ्युमेंना स्टार देणारं एक टूल बनवलं होतं. जुन्या, मुख्यतः पुरुषांच्या रेझ्युमेंवर शिकलेलं ते टूल 'विमेन्स' हा शब्द दिसला की मार्क कापायचं. कंपनीने तो प्रोजेक्ट गुंडाळला, ही बातमी रॉयटर्सने २०१८ मध्ये दिली. वर्कडेच्या स्क्रीनिंगवर अमेरिकेत २०२३ मध्ये खटला दाखल झाला. मे २०२५ मध्ये कोर्टाने वयाच्या मुद्द्यावर इतर अर्जदारांनाही त्यात सामील व्हायची प्राथमिक मुभा दिली. कंपनीला आरोप मान्य नाहीत. तुमच्या सिस्टिममध्ये 'एआय मॅच स्कोअर' नावाचं बटण असेल, तर तो स्कोअर कशावरून काढतात, हे एचआरला एकदा विचारून घ्या. समोरून 'ते आपोआप होतं' असं उत्तर आलं, तर स्कोअरवर फार विसंबू नका.

नव्वद दिवसांचं कोडं

नोटीस पीरियडची चौकट म्हणजे आपल्या आयटीचं खास कोडं. जाहिरातीत 'इमीजिएट जॉइनर्स ओन्ली', आणि स्वतःच्या माणसाला नव्वद दिवस सोडायचं नाही! नव्वद दिवसांची नोटीस घेणारी कंपनी पंधरा दिवसांत येणारा माणूस मागते, तेव्हा ती मुख्यतः सध्या नोकरी नसलेल्यांना किंवा आधीच राजीनामा दिलेल्यांना बोलावत असते. मग त्याच फॉर्ममध्ये गॅप असलेल्यांना बाद का करते? दोन चौकटी एकमेकींशी भांडतात आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

पगाराचंही तसंच. रिक्विझिशन मंजूर करताना रेंज टाकलेलीच असते, पोस्टिंगवर मात्र 'नॉट डिस्क्लोज्ड'. न्यूयॉर्क शहरात नोव्हेंबर २०२२ पासून आणि कॅलिफोर्नियात जानेवारी २०२३ पासून जाहिरातीत रेंज द्यावी लागते. आपल्याकडे तसं बंधन नाही. पण देऊ नका असंही कुणी म्हटलेलं नाही. रेंज दाखवायची टिक असेल तर करून टाका, तिसऱ्या राउंडनंतर 'बजेट जुळत नाही' ऐकायची पाळी दोघांवरही येणार नाही. 'करंट सीटीसी' ही चौकट शक्य असेल तर काढून टाका. कोल्हापूरच्या छोट्या कंपनीचा पगार धरून त्यावर तीस टक्के वाढ दिली, तर त्याच टेबलावर, तेच काम करणाऱ्या शेजाऱ्यापेक्षा ती मुलगी कायम मागे राहील. कामाची किंमत रेंजमध्ये ठरलेलीच आहे ना?

रात्री अकराचा मेल

इंटरव्ह्यूचे टप्पे आणि स्कोअरकार्ड पोस्टिंगच्या आधी ठरवा. चार-पाच मुद्दे पुरे. काही सिस्टिम्समध्ये स्वतःचं मत लिहिल्याशिवाय दुसऱ्याचं मत दिसत नाही, अशी सेटिंग असते. ती चालू ठेवा. नाहीतर सीनियरने 'ओके टाइप' लिहिलं की खालचे सगळे 'ओके टाइप'च लिहितात.

आपोआप जाणाऱ्या मेलकडेही बघा. नकाराचा मेल किती वेळाने जावा, हे बऱ्याच ठिकाणी ठरवता येतं. ते ठरवलं नाही तर रात्री ११ वाजून २ मिनिटांनी अर्ज केलेल्याला ११ वाजून ३ मिनिटांनी 'आम्ही तुमच्या प्रोफाइलचा काळजीपूर्वक विचार केला' असा मेल जातो. किती काळजीपूर्वक, ते त्यालाही कळतं.

आणि पब्लिश करून झालं की तीच लिंक स्वतःच्या फोनवर उघडा. मेट्रोत उभं राहून, एका हाताने, त्या कराडच्या मुलीची माहिती भरून अर्ज करा. पंधरा मिनिटांत सबमिटपर्यंत पोहोचलात तर ठीक. बारावीच्या चौकटीशी अडकलात, तर अजून वेळ गेलेली नाही, पोस्टिंग एडिट करता येतं. अर्ज यायला लागल्यावर पहिल्या आठवड्यात एकदा तो 'रिजेक्टेड' टॅबही उघडा. वीस-पंचवीस रेझ्युमे नुसते डोळ्यांखालून घाला. त्यात दोन-तीन नावं अशी निघाली की ज्यांना तुम्ही आत्ता फोन केला असता, तर कुठली अट काढायची ते लगेच कळेल.

जागा भरली की सिस्टिम जॉब बंद करायला सांगते आणि उरलेल्या उमेदवारांचं काय करायचं, तेही विचारते. इथे बहुतेक लीड विंडो बंद करून निघून जातात, कारण नवा माणूस सोमवारी येणार असतो आणि त्याच्या लॅपटॉपचा अजून पत्ता नसतो. पलीकडे शंभर जण 'अंडर रिव्ह्यू' वाचत बसतात, काही महिने, कधी वर्षभर. मेलचा टेम्प्लेट तयारच असतो. सगळ्यांना सिलेक्ट करा, पाठवा आणि मग खुशाल जॉइनिंगचा केक कापा.